संख्या म्हणजे सुरक्षितता नव्हे

आज आपण नामशेष झालेल्या एका टोळाचा विचार करू : उत्तर अमेरिकेच्या रॉकी पर्वतातला टोळ. १८७५ साली नेब्रास्कात अल्बर्ट चाइल्ड यांनी थव्याचा वेग पाहिला, तारा करून इतर गावांतून माहिती मागवली आणि अंदाज काढला : सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर! उभी पिकं गेलीच, अवजारांचे लाकडी दांडेही कुरतडले गेले. कित्येक शेतकरी जमीन सोडून गेले.

पण १९०२ नंतर या जातीचा एकही जिवंत टोळ सापडलेला नाही. अवघी २७ वर्षं!

मग ही जात संपवली कुणी? लोकांनी टोळ मारले, जाळले. तेवढ्याने ती संपली नसती. कीटकशास्त्रज्ञ जेफ्री लॉकवूड यांची मांडणी अशी : धाड पडे मैदानांवर, पण एरवी ही जात पर्वतातल्या मोजक्या नदीखोऱ्यांत तग धरून राही, तिथल्याच मातीत अंडी घाली. वसाहतकऱ्यांनी नेमकी तीच खोरी नांगरली, पाटाचं पाणी सोडलं, गुरं चारली. अंडी उघडी पडली, बुडाली, तुडवली गेली.

म्हणजे कृती होती, हेतू नव्हता. शेतकऱ्याची पीडा टळली, हे खरंच. पण हे टोळ आणि त्यांची अंडी खाणारा एस्किमो कर्ल्यू पक्षीही पुढे दिसेनासा झाला. त्याची बेसुमार शिकार झालीच, शिवाय हे अन्नही गेलं.

तेव्हा एखादी जात ‘किती आहे’ एवढंच विचारून भागत नाही. पडत्या काळात ती ‘कुठे टिकते’, हेही आपण विचारायला हवं.