जिभेखालची गोळी आणि मेंदूतला वायू

गैरसमज : तोंड वाकडं झालं, हात उचलेना, म्हणजे स्ट्रोकची लक्षणं दिसली, की आधी जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवावी.

वस्तुस्थिती : ठेवू नये. ही गोळी हृदयविकाराची, आणि तीही डॉक्टरांनी लिहून दिलेली असेल तरच. तिच्यापासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड हा वायू सुटतो, रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो. गुठळीने मेंदूची वाहिनी बंद पडली असेल, तर पलीकडचा भाग शेजारच्या बारीक वाहिन्यांतून मिळणाऱ्या रक्तावर कसाबसा तग धरून असतो. दाब एकदम पडला तर तेही आटतं. ‘वाहिन्या उघडतात, मग बरंच की’ हा तर्क ब्रिटनमध्ये तपासूनही झाला. स्ट्रोकचा संशय असलेल्या ११४९ जणांना रुग्णवाहिकेतच, सॉर्बिट्रेटच्याच जातीच्या नायट्रोग्लिसरीनची किंवा नुसतीच पट्टी चिकटवली. २०१९ चा निकाल : फायदा नाही, मेंदूत रक्तस्राव असलेल्यांना उलट अपाय होत असावा, अशी चिन्हं. गुठळी की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय घरी कोण सांगणार? १०८ ला फोन करावा आणि माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ लक्षात ठेवावी. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं.

गैरसमज : मग नायट्रिक ऑक्साइड मेंदूला घातकच.

वस्तुस्थिती : तो कुठल्या पेशीने आणि कधी तयार केला, त्यावर सगळं अवलंबून. वाहिनीच्या अस्तरातला वायू रक्त खेळतं ठेवतो, गुठळ्या होऊ देत नाही. प्राणवायू तुटलेल्या चेतापेशी मात्र तोच भरमसाट बनवतात. त्याची सुपरऑक्साइडशी गाठ पडली की पेरॉक्सिनायट्राइट होतं आणि ते पेशी जाळत सुटतं. बोस्टनच्या संशोधकांनी १९९४ मध्ये चेतापेशींत हा वायू बनवणारं विकर नसलेले उंदीर घेतले, तर स्ट्रोकमध्ये मेंदूची हानी कमी झाली. १९९६ मध्ये अस्तरातलं विकर काढून पाहिलं, तर ती वाढली. वायू तोच!

गैरसमज : कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड ही निव्वळ विषं.

वस्तुस्थिती : बंद खोलीतल्या शेगडीचा धूर जीव घेतो, हे खरंच. पण हे दोन्ही वायू मेंदू स्वतःही अत्यल्प प्रमाणात बनवतो. पहिला हीमच्या विघटनातून, दुसरा सिस्टीनपासून. पेशी त्यांचा निरोपासारखा वापर करतात. स्ट्रोकवर त्यांचं औषध मात्र अजून प्राण्यांवरच्या प्रयोगांपुढे फारसं सरकलेलं नाही.

राहता राहिली ‘नायट्रिक ऑक्साइड वाढवणारी’ बीटाची पावडर. बीटातल्या नायट्रेटमुळे रक्तदाब थोडा उतरतो, पण आलेल्या झटक्यावर तो उपचार नव्हे. बीट आवडत असेल तर कोशिंबीर करावी, स्वस्त पडते.