न घुरघुरणारे मांजर

मांडीवर बसलेले मांजर घुरघुरले नाही, की घरची मंडळी त्याला माणूसघाणे ठरवून मोकळी होतात. हा निवाडा आम्हांला घाईचा वाटतो.

घुरघुर उमटते ती कंठातील स्वरतंतूंतून, आणि तीही श्वास घेताना व सोडताना, दोन्ही वेळा. तिची कंपने सेकंदाला सुमारे २५ ते ३०. म्हणजे अगदी खर्जातला स्वर. एवढ्याशा जिवाला तो कसा साधतो? व्हिएन्नाच्या संशोधकांनी २०२३ साली मृत मांजरांच्या स्वरयंत्रांतून ऊन, दमट हवा सोडून तो स्वर काढून दाखविला. स्वरतंतूंत रुतलेल्या जाडसर गाद्यांमुळे हे बहुधा साधत असावे, असे त्यांचे म्हणणे.

काही मांजरांचा हा नाद इतका मंद असतो की तो कानी पडतच नाही. गळ्याशी हलकेच बोटे टेकवावीत. थरथर हाताला कळते. काही मांजरे मात्र खरोखरच अबोल. त्यांतले एखादे पायांना अंग घासते, एखादे समोर बसून सावकाश डोळे मिटते. ही जवळीक नव्हे काय? उलट दुखणाईत, जखमी मांजरेही घुरघुरतात; तेव्हा घुरघुर ऐकून निर्धास्त होण्यातही अर्थ नाही.

नेहमी घुरघुरणारे मांजर एकाएकी गप्प झाले, तर मात्र गोष्ट निराळी. आवाज बसला आहे काय, गिळताना वा श्वास घेताना त्रास होतो काय, हे पाहावे आणि घरगुती उपचारांत दिवस न दवडता त्याला जनावरांच्या दवाखान्यात न्यावे.