द्राक्षांचा घड आणि पागेतला घोडा

चिंचवडच्या एका शाळेत सातवीच्या वर्गात सर्पदंशाचा विषय निघाला होता. 'साप चावल्यावर काय करायचं?' या प्रश्नाला वर्गाने एका सुरात उत्तर दिलं, 'दवाखान्यात नेऊन लस टोचायची.' मागच्या बाकावरच्या एका मुलीला मात्र हे पटलं नाही. ती म्हणाली, 'पण लस तर आजार व्हायच्या आधी देतात ना? मग साप चावल्यावर लस देऊन काय उपयोग?'

प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही. त्या शाळेपासून थोड्याच अंतरावर, पिंपरीत, हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाच्या पागा आहेत. तिथले घोडे शर्यतीसाठी नाहीत, की टांग्यासाठीही नाहीत. त्याच पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना आहे. 1954 साली स्थापन झालेल्या या सरकारी कंपनीत पेनिसिलीन तयार होऊ लागलं. कामगारवस्तीतली मुलं या दोन्ही ठिकाणांवरून रोज जातात. एका ठिकाणी घोडा, दुसऱ्या ठिकाणी बुरशी. या दोघांचं नातं समजून घ्यायचं, तर आपल्याला आधी एका द्राक्षमळ्यात जावं लागेल.

मळा आणि पागा

एकाच कुटुंबाच्या जमिनीवर एका बाजूला द्राक्षमळा आणि दुसऱ्या बाजूला घोड्यांची पागा, अशी जोडशेती युरोपात जुन्या काळापासून चालत आली आहे. यात सोयही आहे. वेलींच्या दोन ओळींमधली जमीन घोड्याने नांगरता येते आणि पागेतली लीद कुजवून वेलींना खत म्हणून घालता येते. ट्रॅक्टरच्या वजनाने माती घट्ट होते, तशी घोड्याच्या पायांनी होत नाही. म्हणून फ्रान्समधल्या काही मळ्यांत आजही मुद्दाम घोड्याने मशागत करतात.

आपल्याकडे या दोन गोष्टी एका कुंपणात सहसा दिसत नाहीत, पण एकाच जिल्ह्यात मात्र दिसतात. चिंचवडहून भोसरी, चाकण असं करत नाशिकच्या रस्त्याला लागलं की जुन्नर तालुक्यात नारायणगावच्या आसपास द्राक्षांचे मांडव सुरू होतात. तिथेच 1980च्या दशकात चौगुले कुटुंबाने फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने वाइनचा उद्योग उभारला होता. आणि पुण्यातच पूनावाला कुटुंबाचा शर्यतीचे घोडे पैदा करण्याचा व्यवसाय आहे. त्याकडे आपण पुढे येऊच.

मळा आणि पागा यांना विज्ञानाच्या अंगाने जोडणारा माणूस म्हणजे लुई पाश्चर.

कापसात गुंडाळलेली द्राक्षं

द्राक्षांचा रस नुसता ठेवून दिला, तर दोन-चार दिवसांत फसफसू लागतो. साखरेचं अल्कोहोल होतं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. हे कोण करतं? पाश्चरचं म्हणणं होतं की यीस्ट नावाचे सूक्ष्म सजीव करतात आणि ते बाहेरून रसात येतात. 1878 साली त्याचा मित्र, विख्यात शरीरशास्त्रज्ञ क्लोद बर्नार, वारला. त्याच्या मृत्यूनंतर त्याची टिपणं प्रसिद्ध झाली. त्यांत उलटा विचार होता: किण्वनाला सजीवाची गरज नाही, आंबवणारा पदार्थ पिकलेल्या फळाच्या रसातच तयार होतो.

आता या वादाचा निकाल कसा लावायचा? विचार करायला वर्गाला पाच मिनिटं द्यावीत, इतका हा प्रश्न चांगला आहे.

पाश्चरने काय केलं पाहा. फ्रान्समधल्या आर्ब्वा या त्याच्या लहानपणीच्या गावाजवळ त्याच्या मालकीचा छोटा द्राक्षमळा होता. द्राक्षं अजून हिरवी, कच्ची होती, तोवरच त्याने काही वेलींवर काचघरं उभारली. कच्च्या घडांवर यीस्ट नसतं, हे त्याने आधी तपासून घेतलं होतं. काचघरांतले काही घड त्याने तापवून निर्जंतुक केलेल्या कापसात गुंडाळले. शरद ऋतूत द्राक्षं पिकली. काचघरातली द्राक्षं चुरडून ठेवली, तर रस आंबला नाही. बाहेरच्या उघड्या वेलींवरची चुरडली, तर नेहमीसारखा आंबला. मग त्याने काचघरातले काही घड बाहेर आणून उघड्या वेलींवर टांगले. काही दिवसांनी त्यांचा रसही आंबू लागला.

या शेवटच्या पायरीचं महत्त्व मुलांच्या लक्षात आणून द्यायला हवं. काचघरात वाढल्यामुळे फळातच काही खोट राहिली असेल, अशी शंका कोणी घेऊ शकलं असतं. तोच घड बाहेर टांगल्यावर आंबतो म्हटल्यावर ती शंका उरत नाही.

इथे दोन गोष्टी सांगून ठेवायला हव्यात. पहिली म्हणजे, द्राक्षावर जी पांढुरकी भुकटी दिसते तिला बरेच जण यीस्ट समजतात. ते यीस्ट नव्हे, मेण आहे. फळातलं पाणी टिकवायला वेल ते तयार करते. यीस्ट डोळ्यांना दिसत नाही. ते फळांवर येतं त्यात वाऱ्याधुळीपेक्षा गांधीलमाश्यांसारख्या कीटकांचा हात मोठा असतो, हे अलीकडच्या अभ्यासांतून समजलं आहे. दुसरी गोष्ट म्हणजे, बर्नारचं म्हणणं अगदीच वाया गेलं नाही. 1897 साली एडुआर्ड बुखनरने यीस्टच्या पेशी वाळूत घोटून फोडल्या आणि त्यांचा गाळलेला रस घेतला. त्या निर्जीव रसानेही साखरेचं अल्कोहोल केलं! म्हणजे काम करणारं विकर यीस्ट तयार करतं, पण पुढचं काम ते पेशीबाहेरही करू शकतं. विज्ञानातल्या वादात हरलेली बाजूसुद्धा अनेकदा काहीतरी खरं सांगत असते.

मळ्यापासून पिंपरीच्या टाक्यांपर्यंत

सूक्ष्मजीव हवे ते वाढवायचे आणि नको ते बाहेर ठेवायचे, ही युक्ती एकदा हाती आली की तिचे दोन उपयोग होतात. एक म्हणजे रोगजंतूंना जखमेपासून दूर ठेवणं. दुसरा म्हणजे एखाद्या सूक्ष्मजीवाकडून आपल्याला हवा तो पदार्थ करून घेणं.

पिंपरीत पेनिसिलीन झालं ते या दुसऱ्या मार्गाने. त्याची टाकी म्हणजे वाइनच्या पिंपाची दूरची नातलगच म्हणायची. फरक एवढाच की यीस्टला अल्कोहोल करायला हवा लागत नाही, पेनिसिलीनच्या बुरशीला मात्र भरपूर हवा लागते. म्हणून टाकीत सतत हवा सोडायची, पण ती हवा आधी निर्जंतुक करून घ्यायची. पाश्चरच्या कापसाच्या बोळ्याने जे काम केलं, तेच इथे मोठाले गाळक करतात. एक चुकार जंतू आत शिरला, तरी सगळी टाकी वाया जाऊ शकते.

पण पेनिसिलीन जंतूंना मारतं, विषाला नाही. घटसर्प, धनुर्वात यांत रोग्याचा जीव घेतं ते जंतूंनी सोडलेलं विष. सापाच्या दंशात तर जंतूचा प्रश्नच नसतो. मग विषावर उपाय काय?

पागेतला औषधकार

1890 साली बेरिंग आणि किटासाटो यांनी दाखवलं की धनुर्वाताचं विष प्राण्याला अगदी थोडं थोडं टोचत गेलं, तर त्याच्या रक्तात त्या विषाला निकामी करणारं काहीतरी तयार होतं. तो रक्तद्रव दुसऱ्या प्राण्याला दिला, तर तोही वाचतो. त्या 'काहीतरी'ला आज आपण प्रतिपिंडं म्हणतो.

सशाच्या रक्ताने किती मुलं वाचणार? इथे घोडा पुढे आला. 500 किलोच्या घोड्याच्या अंगात सुमारे 40 लिटर रक्त असतं. तो माणसाळलेला असतो आणि सवयीने शांत उभा राहतो. पाश्चर संस्थेच्या एमिल रूने घोड्याचा रक्तद्रव घटसर्प झालेल्या मुलांना दिला. पॅरिसच्या मुलांच्या रुग्णालयात या रोगाने निम्म्याहून अधिक मुलं दगावत. ते प्रमाण जवळजवळ एक चतुर्थांशावर आलं. 1894 साली रूने हे निष्कर्ष जाहीर केले. पॅरिसजवळ पाश्चरला रेबीजच्या कुत्र्यांसाठी मिळालेल्या जागेत मग या घोड्यांच्या पागा उभ्या राहिल्या. 1895 साली पाश्चरने शेवटचा श्वास घेतला तो याच ठिकाणी. द्राक्षमळ्यापासून सुरू झालेला प्रवास पागेपाशी येऊन थांबला.

1894 सालीच आल्बेर काल्मेत आणि इतर संशोधकांनी सर्पविषावर हाच उपाय चालतो हे दाखवलं. पिंपरीच्या पागेतही आज याच तत्त्वावर काम चालतं. सापाचं विष अतिशय सौम्य करून घोड्याला टोचतात, काही महिन्यांत मात्रा हळूहळू वाढवतात. मग ठरावीक काळाने रक्त काढून त्यातला रक्तद्रव वेगळा करतात. त्यातली प्रतिपिंडं शुद्ध करतात, पेप्सिन या विकराने त्यांचा नको असलेला भाग तोडतात आणि उरलेलं औषध वाळवून कुपीत भरतात. भारतातलं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषांवर चालतं.

आता मागच्या बाकावरच्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर देता येईल. साप चावल्यावर देतात ती लस नव्हेच, ते प्रतिविष. लस म्हणजे मुलाला गणिताची रीत शिकवणं. वेळ लागतो, पण रीत त्याची होते. प्रतिविष म्हणजे दुसऱ्याने सोडवलेलं उत्तर हातात ठेवणं. ताबडतोब उपयोगी पडतं, पण काही आठवड्यांत शरीरातून निघून जातं. साप चावल्यावर रीत शिकायला वेळच नसतो, म्हणून घोड्याने सोडवलेलं उत्तर उसनं घ्यावं लागतं. हे उत्तर परक्या शरीरातलं असल्यामुळे काही रुग्णांना त्याची तीव्र ॲलर्जी होते. म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं.

एका कुटुंबाची गोष्ट

पुण्याच्या पूनावाला कुटुंबाच्या पागेतले शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात. त्यांच्या रक्तद्रवापासून औषध होतं, हे तरुण सायरस पूनावाला यांना समजलं. घोडे आपले, जागा आपली, मग औषधही आपणच का करू नये? या विचारातून 1966 साली पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट सुरू झाली. नावातला 'सीरम' म्हणजे हाच घोड्याचा रक्तद्रव. धनुर्वातावरच्या प्रतिविषापासून सुरुवात झालेली ही संस्था पुढे जगातल्या सर्वांत मोठ्या लसउत्पादकांत गणली जाऊ लागली.

यात एक गंमत आहे. धनुर्वाताच्या जंतूची बीजुकं घोड्याच्या आतड्यात आणि लिदीत सापडतात. म्हणजे मळ्याला खत देणारी लीद उघड्या जखमेला धोक्याची. घोडा स्वतःही धनुर्वाताला फार लवकर बळी पडतो. आणि त्याच घोड्याच्या रक्तातून त्यावरचं प्रतिविष मिळतं. मळ्यात, पागेत, शेतात काम करणाऱ्यांनी धनुर्वाताची लस वेळेवर घेतली, तर या उसन्या उत्तराची गरजच पडत नाही.

वर्गात काय करता येईल?

सर्पविषावर अशी लस नाही. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी 58,000 माणसं मेली. त्यांत बहुतेक खेड्यांतली, शेतात राबणारी. औषध उपलब्ध असूनही रुग्ण मांत्रिकाकडे जातो, वेळ निघून जाते. म्हणून हा धडा परीक्षेपुरता नको. दंश झालेला हात किंवा पाय हलवू नये. घट्ट आवळून बांधू नये, कापू नये, चोखू नये. रुग्णाला धीर द्यावा, चालायला लावू नये आणि थेट प्रतिविष मिळेल अशा दवाखान्यात न्यावं. साप पकडण्यात वेळ घालवू नये. हे प्रत्येक मुलाला तोंडपाठ हवं.

आणि पाश्चरचा प्रयोग वर्गात करून पाहता येईल. तीन बाटल्यांत साखरेचं पाणी घालून बाटल्यांसकट उकळून घ्या आणि कापसाच्या बोळ्याने तोंडं बंद करून गार होऊ द्या. पहिली तशीच ठेवा. दुसरीत उकळलेल्या मनुका टाका, तिसरीत न धुतलेल्या, न उकळलेल्या. आठवडाभर रोज पाहा. कोणत्या बाटलीत आधी बुडबुडे येतात? तिसरीत आलेच नाहीत, तर का आले नसतील? मनुका वाळवताना काही फवारलं असेल का? दुसरीतही आले, तर आपल्या हाताळणीत चूक कुठे झाली? पाणी मात्र कोणी चाखायचं नाही.

मुलांना एक प्रश्न घरी घेऊन जाऊ द्या. घोड्याला विष टोचून, त्याचं रक्त काढून आपण माणसं वाचवतो. त्या घोड्याला आपण काय देणं लागतो? प्रयोगशाळेत घोड्याविना प्रतिपिंडं तयार करण्याचे प्रयत्न सुरू आहेत. ते पूर्ण होईपर्यंत हा प्रश्न पिंपरीच्या पागेइतकाच आपल्याही वर्गाचा आहे.