आधी माहिती, मग माल



पाचोडच्या एका सभासदाने परवा विचारलं, "साहेब, रोपवाटिका टाकली, पाटी लावली, पण गिऱ्हाईक फिरकत नाही. काय करावं?" त्यांना किर्लोस्करांची हकिगत सांगितली.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिले नांगर खपायला दोन वर्षे गेली. पुढे १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० साली तिथून 'किर्लोस्कर खबर' निघाले. संपादक शंकरराव किर्लोस्कर. त्यात कारखान्याच्या मालाची माहिती असेच. पण लोकांच्या उपयोगाचे, विचाराचे लेखही असत. पुढे तेच मराठीतले नावाजलेले 'किर्लोस्कर' मासिक झाले. नांगर न घेणाऱ्या घरातही किर्लोस्करांचे नाव गेले.

आपल्याला मासिक काढायचे नाही. पण रोपवाटिकावाल्याने एवढे करावे: बेणे नऊ ते अकरा महिन्यांच्या मळ्यातलेच का घ्यायचे, बेणेप्रक्रिया कशी करायची, हे बांधावर बोलावून दाखवावे. आपल्याकडे रोपे न घेणाऱ्यालाही सांगावे. लागणीनंतर किती नांग्या पडल्या, तो आकडाही लपवू नये. एकदा खोटे बोललो तर पंचक्रोशीत बोभाटा व्हायला वेळ लागत नाही; आणि लागण फसली तर शेतकऱ्याचे वर्ष जाते.

ज्याच्याकडे लोक सल्ल्याला येतात, त्याच्याकडेच रोपांना येतात. आपला अनुभव लिहून गट कार्यालयात द्या. या अंकात त्याला जागा आहे.

— ऊस विकास अधिकारी