‘इन’ : एका लहान इंग्रजी शब्दाचे अर्थ



इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला आरंभीच भेटणाऱ्या शब्दांत ‘इन’ हा एक आहे. ‘इन द बॉक्स’ म्हणजे पेटीत. मास्तर पेटीत चेंडू टाकून दाखवितात, मुलाला अर्थ कळतो आणि धडा पुढे सरकतो. माझे इंग्रजी शाळेत झाले नाही. तर्खडकरांची भाषांतर-पाठमाला आणि मालकांच्या नोटिसा हे माझे दोन गुरू. त्यामुळे या शब्दाशी माझी ओळख चेंडूपेक्षा मजुरीवरून अधिक आहे.

हा शब्द इंग्रजीत नामाच्या आधी उभा राहतो. मराठीत त्याचे काम नामाच्या मागे लागणारा प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय करते. ‘इन ब्रह्मपुरी’ म्हणजे ब्रह्मपुरीत, ‘इन जून’ म्हणजे जूनमध्ये. इथवर आपली सप्तमी पुरते. पण ‘इन इंक’ म्हणजे शाईने, ‘इन कॅश’ म्हणजे रोखीने. येथे तृतीया आली. ‘इन रायटिंग’ म्हणजे लेखी. येथे प्रत्ययच उरला नाही. ‘इन लू ऑफ नोटीस’ म्हणजे नोटिशीच्या बदल्यात. 1947 च्या औद्योगिक कलह कायद्यात कामगार-कपातीपूर्वी एक महिन्याची नोटीस किंवा तिच्याऐवजी तेवढ्या मुदतीचे वेतन, अशी अट होती, ती याच शब्दांत. यात ‘आत’ कुठेच नाही.

काळाच्या बाबतीत तर अधिक जपावे लागते. ‘काम इन टू डेज झाले’ म्हणजे दोन दिवसांत झाले. ‘साहेब इन टू डेज येतील’ म्हणजे बहुधा दोन दिवसांनी येतील. शब्द तेच, पण मराठीत एकदा ‘त’ आणि एकदा ‘नी’. थकलेली मजुरी ‘इन फिफ्टीन डेज’ देऊ असे पत्र आले, तर कामगार ‘पंधरा दिवसांच्या आत’ असे समजतो, आणि लिहिणारा ‘पंधरा दिवसांनी पाहू’ म्हणून मोकळा होतो. अशा वेळी ‘विथिन’ हा शब्द मागावा. त्याहून बरे म्हणजे तारीखच लिहून घ्यावी.

आता सर्वांत महागडा ‘इन’ पाहू. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने भरपाईसाठी अपघातावर दोन अटी घातल्या : तो ‘आउट ऑफ’ एम्प्लॉयमेंट, म्हणजे कामातून उद्भवलेला हवा, आणि ‘इन द कोर्स ऑफ’ एम्प्लॉयमेंट, म्हणजे कामाच्या ओघात घडलेला हवा. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हेच शब्द आहेत. दोहोंतला भेद आपल्या वैनगंगेवर समजतो. पुरात वाहत आलेला ओंडका नदीच्या ओघात असतो, पण तो नदीतून उगवलेला नसतो. ‘इन’ काळ आणि स्थळ विचारतो. ‘आउट ऑफ’ कारण विचारतो.

मुंबईची दोन प्रकरणे पाहा. 1957 साली बेस्टचा एक बसचालक पाळी संपवून जोगेश्वरीच्या आगारातून दुसऱ्या बसने घरी निघाला आणि वाटेतल्या अपघातात प्राणास मुकला. पाळी संपली, मग ‘इन द कोर्स’ कसे? गणवेशातील चालकाला बसने मोफत जाण्याची सवलत सेवेच्या सोयीसाठी होती, म्हणून तो प्रवास नोकरीचाच भाग, असे सर्वोच्च न्यायालयाने 1963 साली ठरविले आणि विधवेचा हक्क मान्य झाला. उलट 1961 साली ‘द्वारका’ या जहाजावरील एक खलाशी भर समुद्रात नाहीसा झाला. तो जहाजावर नोकरीत होता, यात वाद नव्हता. पण मृत्यू कामातून उद्भवला हे सिद्ध झाले नाही, म्हणून 1969 साली त्याच न्यायालयाने दावा नाकारला. एकाला ‘इन’ तारून गेला, दुसऱ्याला ‘आउट ऑफ’ने बुडविले.

हे आपल्या गावापासून दूर नाही. भातगिरणीत पट्ट्यात हात सापडला तर दोन्ही अटी सहज दिसतात. पण दुपारी पाणी प्यायला गेलेला हमाल घसरून पडला, किंवा रात्रपाळीचा माणूस सायकलवरून घरी जाताना ट्रकखाली आला, की प्रश्न उभा राहतो. नव्या संहितेने घर ते काम या प्रवासातील अपघातही धरला आहे. मात्र वेळ, स्थळ आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध दाखवावा लागतो.

तो दाखवायचा कशाने? अपघात झाल्याबरोबर जखमी माणसाला दवाखान्यात न्यावे, हे पहिले. त्याच दिवशी चार ओळी लिहाव्यात : किती वाजले होते, कोणत्या जागी होता, कोणाच्या सांगण्यावरून, काय करीत होता, कोणी पाहिले. पहिल्या दोन उत्तरांत ‘इन’ आहे, पुढच्या दोहोंत ‘आउट ऑफ’ आहे, आणि पाचव्यात साक्षीदार आहे. हा कागद मराठीत लिहिला तरी चालतो. तो लिहायला घरातला शाळकरी मुलगा किंवा मुलगी पुरेशी आहे.