पीटीच्या मैदानावरचा हुद्दा

सैन्यातील हुद्दा हा केवळ मानापानाचा विषय नसतो. गोंधळाच्या क्षणी कोणाचा शब्द अखेरचा मानायचा हे सर्वांना एका दृष्टिक्षेपात कळावे, यासाठी तो गणवेशावर वागवला जातो. अमेरिकेच्या भूसेनेने २००४ साली जाहीर केलेल्या लढाऊ गणवेशात तर हुद्द्याचे चिन्ह कॉलरवरून काढून थेट छातीच्या मध्यभागी आणले गेले, म्हणजे समोरून येणाऱ्याची ओळख पटवताना नजर भिरभिरायला नको. याच सेनेचा व्यायामाचा पोशाख मात्र अगदी उलट वळणाचा आहे. ऑक्टोबर २०१७ पासून सक्तीच्या झालेल्या या पोशाखात काळा टी-शर्ट, त्यावर सोनेरी अक्षरांत ‘आर्मी’ एवढाच शब्द आणि काळी अर्धी विजार असते. त्यावर ना हुद्दा असतो, ना नाव. सामूहिक शारीरिक प्रशिक्षण, म्हणजे छावणीच्या बोलीतील ‘पीटी’, सुरू होताच दिवसभर छातीवर मिरवणारी उतरंड कपड्यांवरून नाहीशी होते, आणि मग ती खरोखर कुठे जाते, हा प्रश्न उरतो.

हुद्दा दिसलाच पाहिजे असे म्हणणाऱ्यांची बाजू लंगडी नाही. मोठ्या छावणीत एकाच वेळी अनेक पलटणींचे गट एकाच रस्त्यावरून धावत असतात आणि परक्या पलटणीतील माणूस चेहऱ्याने ओळखीचा नसतो. महाविद्यालयातून नुकताच बाहेर पडलेला बावीस वर्षांचा लेफ्टनंट आणि तेवढ्याच वयाचा साधा सैनिक घामाने भिजलेल्या टी-शर्टमध्ये सारखेच दिसतात. त्यामुळे एखादा सार्जंट अधिकाऱ्यालाच नवशिका समजून दरडावतो, किंवा नवखा सैनिक वरिष्ठाशी बरोबरीच्या नात्याने बोलून जातो. शिस्तीवर चालणाऱ्या संस्थेत अशा लहान प्रसंगांचेही ओझे दोन्ही बाजूंच्या मनावर राहते. सलामीचा मुद्दा मात्र वाटतो तितका वजनदार नाही, कारण रांगेत असलेला सैनिक स्वतंत्रपणे सलाम करीत नाही. संपूर्ण तुकडीच्या वतीने तिचा प्रमुख सलाम करतो.

उलट बाजूला पहिली अडचण अगदी व्यवहारातली आहे. अमेरिकी भूसेनेत सामान्य परिस्थितीत भरतीनंतर सहा महिन्यांनी, मग एक वर्ष आणि पुढे दोन वर्षे पूर्ण होताच सैनिकाला पुढची श्रेणी मिळत जाते. म्हणजे टी-शर्टवर हुद्दा शिवायचा ठरवला, तर पहिल्या दोन वर्षांतच तो तीनदा उसवून बदलावा लागेल, आणि तोही रोज घामाने भिजून रोज धुतल्या जाणाऱ्या कापडावर. लढाऊ गणवेशावरचे चिन्ह चिकटपट्टीने लावता-काढता येते. पोटावर पडून जोर काढणाऱ्या माणसाच्या छातीवर तसली पट्टी टिकणार नाही आणि ती टोचेल, ते वेगळेच.

परंतु खरे कारण याहून खोल आहे. हुद्दा कपड्यावरून गेला तरी तो रांगेच्या रचनेत शिल्लक असतो आणि ज्याला रांग वाचता येते त्याला बिल्ल्याची गरज पडत नाही. अमेरिकी पद्धतीच्या ओळीत प्रत्येक लहान तुकडीचा नायक आपल्या ओळीच्या उजव्या टोकाला उभा असतो. कंपनी धावायला निघाली, की निशाण घेतलेला सैनिक पुढे असतो आणि कंपनीचा प्रमुख त्याच्या जवळपास धावतो. सर्वांच्या समोर, तोंड तुकडीकडे करून उभा राहणारा व्यायाम घेत असतो. आणि धावत्या तुकडीतून पुढे सुटून चौकात हात आडवे करून वाहने अडवणाऱ्या सैनिकांच्या अंगात दुरूनही चमकणारी जाकिटे असतात. यातील शेवटची खूण विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. ती जाकिटे बहुधा सर्वांत कनिष्ठ सैनिकांच्या अंगावर असतात, तरीही त्या क्षणी रस्ता त्यांच्या ताब्यात असतो. मैदानावर माणसाची पायरी दाखवण्यापेक्षा त्याच्यावरची जबाबदारी दाखवणे अधिक गरजेचे असते, हे सैन्याने या साध्या जाकिटातून केव्हाच मान्य केलेले आहे.

आवाजाच्या बाबतीतही हेच घडते. पावले एका लयीत पडावीत म्हणून धावताना किंवा चालताना एकजण ओळ उंच स्वरात घालतो आणि बाकीचे ती उचलतात. अमेरिकी सैन्यात ही प्रथा ज्या कृष्णवर्णीय सैनिकामुळे रूढ झाली असे मानले जाते, तो विली डकवर्थ १९४४ साली प्रायव्हेट, म्हणजे सर्वांत खालच्या श्रेणीचा शिपाई होता. न्यूयॉर्क राज्यातील फोर्ट स्लोकम येथे परतीच्या वाटेवर थकलेल्या तुकडीत त्याने लय धरली, आणि छावणीचे प्रमुख कर्नल बर्नार्ड लेंट्झ यांनी तिचे मोल ओळखून ती पुढे नेली. आजही तुकडीला चालवणारा आवाज ज्याचा दमदार त्याचा असतो. तो सुरू असताना कॅप्टनची पावलेही त्याच आवाजावर पडतात, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही.

शिकवणाऱ्याचा अधिकार तर हुद्द्याच्या गणितात बसतच नाही. क्रिमियाच्या युद्धानंतर ब्रिटिश भूसेनेला आपल्या सैनिकांच्या शरीरप्रकृतीची चिंता वाटू लागली, तेव्हा १८६० साली मेजर फ्रेडरिक हॅमर्सली आणि बारा कनिष्ठ नायक यांना ऑक्सफर्ड येथे आर्चिबाल्ड मॅकलारेन यांच्या व्यायामशाळेत धाडण्यात आले. त्यातून उभ्या राहिलेल्या प्रशिक्षक दलाची खूण म्हणजे एकमेकांवर आडव्या धरलेल्या दोन तलवारी. हे चिन्ह धारण करणारा सार्जंट कॅप्टनलाही पुन्हा पहिल्यापासून जोर काढायला लावू शकत होता, आणि तसे करताना तो कोणाचा अवमान करीत नव्हता. भारतीय सेनेतही हीच रीत रुजली आहे. पुण्यात सेनेची शारीरिक प्रशिक्षण संस्था आहे. तिथे तयार होणारे अनेक प्रशिक्षक हवालदाराच्या दर्जाचे असतात, आणि पुढे अधिकारी होणारे छात्र त्यांना ‘उस्ताद’ म्हणतात. काही वर्षांनी तोच छात्र खांद्यावर तारे घेऊन परतेल आणि उस्ताद त्याला ‘साहब’ म्हणून सलाम ठोकील, हे दोघांनाही पक्के ठाऊक असते. तरीही मैदानावर दोरीवर चढताना पाय कुठे अडकवायचा हे उस्तादच सांगतो.

ही व्यवस्था केवळ शोभेची नाही, तिच्यावर जीव अवलंबून असतो. दक्षिण कॅरोलायनातील पॅरिस आयलंड या मरीन दलाच्या प्रशिक्षण केंद्रात उष्माघाताने नवशिक्यांचे हाल होऊ लागले, तेव्हा १९५०च्या दशकात तापमान, दमटपणा, ऊन आणि वारा यांचा एकत्रित भार मोजणारा एक निर्देशांक तयार करण्यात आला. त्यावरून हिरवे, पिवळे, लाल आणि काळे अशी निशाणे ठरली; निर्देशांक ९० अंश फॅरनहाइटला, म्हणजे सुमारे ३२ अंश सेल्सिअसला पोहोचला, की काळे निशाण चढते आणि दमछाक करणारी पीटी सर्वांसाठीच थांबते. निशाण चढले नसतानाही एखादा धावपटू अडखळू लागतो, प्रश्नाला भलतेच उत्तर देतो, हट्टाने पुढे जायचे म्हणतो. ही उष्माघाताची लक्षणे आहेत आणि बर्फाच्या पाण्यात भिजवलेल्या चादरींत त्याला काही मिनिटांच्या आत गुंडाळले नाही, तर तो दगावू शकतो. अडखळणारा माणूस कर्नल असला आणि ते पाहणारा शिपाई असला तरी ‘थांबा’ हा शब्द शिपायाच्या तोंडून निघालाच पाहिजे. हुद्द्याचे चिन्ह छातीवर ठळक असेल, तर तो शब्द घशातच अडकण्याचा धोका वाढतो, आणि पीटीच्या पोशाखावर हुद्दा नसावा या मताला यापेक्षा मोठा आधार दुसरा नाही.

हाच विचार टोकाला नेल्याची दोन उदाहरणे आहेत आणि त्यांचे धडे परस्परविरोधी आहेत. जॉर्जिया राज्यातील फोर्ट बेनिंग येथे १९५०मध्ये सुरू झालेल्या रेंजर स्कूलमध्ये अधिकारी आणि शिपाई दोघेही हुद्द्याची चिन्हे उतरवून दाखल होतात. सुमारे दोन महिने त्यांना अपुरी झोप आणि अपुरे अन्न मिळते, गस्तीचे नेतृत्व पाळीपाळीने प्रत्येकाकडे येते आणि सहकारी एकमेकांचे मूल्यमापन करतात. त्यामुळे कॅप्टन कसा वागला हे सार्जंटही नोंदवतो. याउलट चीनच्या जनमुक्ती सेनेने १९६५ साली संपूर्ण सेनेतूनच हुद्दे काढून टाकले. गणवेश सर्वांचा एकसारखा, फरक एवढाच की अधिकाऱ्याच्या अंगरख्याला चार खिसे आणि शिपायाच्या अंगरख्याला दोन. १९७९च्या व्हिएतनाम युद्धात तुकड्या एकमेकींत मिसळल्या, तेव्हा अनोळखी लोकांत आज्ञा कोणी द्यायची आणि कोणी पाळायची याचा गोंधळ उडाला, आणि १९८८ साली हुद्दे परत आणावे लागले. रेंजर स्कूलमध्ये हुद्दा ठरावीक काळापुरता आणि ठरावीक कुंपणाच्या आत बाजूला ठेवला जातो, तेव्हा त्यातून माणूस तपासला जातो. तोच कायमचा पुसला, की सेना खिसे मोजू लागते.

अमेरिकी भूसेनेची शारीरिक चाचणीही हा तोल सांभाळते. जून २०२५ पासून लागू झालेल्या चाचणीत वजन उचलणे, जोर, ओढत-वाहत धावणे, प्लँक आणि दोन मैलांची दौड असे पाच प्रकार आहेत. गुणांचे कोष्टक वयानुसार बदलते, हुद्द्यानुसार मात्र नाही. जनरल आणि शिपाई यांच्यासाठी मैल सारख्याच लांबीचा असतो. गुणपत्रिकेवर मात्र नावाशेजारी हुद्द्याचा रकाना आहे, आणि सार्जंट किंवा स्टाफ सार्जंट होऊ पाहणाऱ्यांच्या बढतीच्या हिशेबात या चाचणीचे गुणही धरले जातात.