हिवाळी पदभ्रमणातील पिण्याचे पाणी

उंच पर्वतांवर हिवाळ्यात पदभ्रमण करताना सोबत घेतलेले पिण्याचे पाणी गोठू न देणे, हा मोहिमेच्या सुरक्षिततेचा एक मूलभूत भाग आहे. चहूकडे बर्फ असले तरी झरे व ओढे गोठलेले असल्याने पिण्यायोग्य पाणी दुर्मीळ असते. त्यातच बाटलीतील पाणी गोठले, तर पाणी पाठीवर असूनही ते पिता येत नाही. लडाखमध्ये झांस्कर नदीच्या गोठलेल्या पात्रावरून जाणाऱ्या ‘चादर’ मार्गावर जानेवारी-फेब्रुवारीत रात्रीचे तापमान उणे २० अंश सेल्सियसच्याही खाली जाते. उत्तराखंडातील केदारकांठा (उंची सुमारे ३,८०० मीटर) या शिखराची चढाई हिवाळ्यात अंधारातच सुरू केली जाते आणि पहाटेच्या त्या काही तासांत ही अडचण विशेष जाणवते. या दोन्ही ठिकाणी महाराष्ट्रातूनही पदभ्रमणकर्ते जातात. सह्याद्रीत महाबळेश्वरच्या वेण्णा तलाव परिसरात एखाद्या पहाटे दवबिंदू गोठतात. बाटलीतले पाणी गोठण्याचा प्रसंग तेथे सहसा येत नाही. त्यामुळे सह्याद्रीत अंगवळणी पडलेल्या सवयी हिमालयात अपुऱ्या ठरतात.

थंडीत तहानेची जाणीव मंदावते. कोरड्या हवेत श्वासावाटे बरीच वाफ बाहेर पडते आणि थंडीमुळे लघवीचे प्रमाणही वाढते. परिणामी शरीरातील पाणी नकळत कमी होत जाते. निर्जलीकरणामुळे होणारी डोकेदुखी, थकवा व मळमळ ही लक्षणे विरळ हवेच्या आजाराच्या लक्षणांशी मिळतीजुळती असल्याने निदानात गोंधळ होऊ शकतो, आणि चार हजार मीटरच्या आसपास असा गोंधळ धोक्याचा असतो.

गोठण्याची क्रिया

शुद्ध पाणी ० अंश सेल्सियसला गोठते. उंचीनुसार हवेचा दाब कमी झाला तरी गोठणबिंदूत नगण्य फरक पडतो. उत्कलनबिंदू मात्र बराच खाली येतो. लेहच्या उंचीवर (सुमारे ३,५०० मीटर) पाणी साधारण ८८ अंशांनाच उकळते.

पाणी ० अंशापर्यंत थंड झाले म्हणजे लगेच गोठले असे होत नाही. गोठण्यासाठी प्रत्येक ग्रॅम पाण्यातून सुमारे ८० कॅलरी अप्रकट उष्मा बाहेर पडावा लागतो. २० अंशांचे एक लिटर पाणी गोठू लागण्यापूर्वी केवळ २० किलोकॅलरी उष्णता गमावते, तर ८८ अंशांचे पाणी ८८ किलोकॅलरी. उकळते पाणी सुरुवातीला अधिक वेगाने निवते हे खरे; तरीही उष्णतारोधक आवरण असलेल्या बाटलीत त्यामुळे काही तासांचा अवधी मिळतो. निघताना बाटलीत गरम पाणी भरण्याची पद्धत याच कारणाने रूढ झाली आहे.

पाण्याच्या असंगत आचरणामुळे ४ अंशांच्या खाली त्याची घनता कमी होऊ लागते. जास्त थंड पाणी वर येते आणि बर्फाचा थर पृष्ठभागापासून धरतो. उभ्या ठेवलेल्या बाटलीत हा पहिला थर नेमका तोंडाशी तयार होतो. आत बरेचसे पाणी द्रवरूप असले तरी झाकण आट्यांमध्ये घट्ट बसते व बाटली उघडत नाही. म्हणून बाटली उलटी, झाकण खाली येईल अशी ठेवतात. तळाशी बर्फ धरला तरी तोंड मोकळे राहते. अर्थात झाकण गळके नसावे, आणि ही खात्री घरीच करून घ्यावी. गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते, त्यामुळे बाटली काठोकाठ भरू नये.

बाटली, थर्मास आणि नळी

अरुंद तोंडाच्या बाटल्या हिवाळी मोहिमेस योग्य नाहीत. रुंद तोंडाच्या, जाड प्लास्टिकच्या एक लिटरच्या बाटल्या सोयीच्या ठरतात. तोंडाशी बर्फाचा पापुद्रा आलाच तर तो चमच्याने फोडता येतो. दुकानात मिळणाऱ्या बाटलीबंद पाण्याच्या पातळ बाटल्या उकळते पाणी ओतल्यास आक्रसतात. एकपदरी धातूची बाटली उष्णतेची सुवाहक असल्याने लवकर थंड होते आणि कडाक्याच्या थंडीत तिच्या कडेला ओठ चिकटू शकतात.

सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे निर्वात भिंतींचा थर्मास. स्कॉटिश शास्त्रज्ञ जेम्स ड्यूअर यांनी १८९२ मध्ये निर्वात पात्र तयार केले. त्याचेच हे व्यावहारिक रूप. तो जड असतो, म्हणून सगळे पाणी थर्मासमध्ये न नेता एक थर्मास व एक-दोन साध्या बाटल्या अशी विभागणी केली जाते. साध्या बाटलीवर जाड लोकरी मोजा चढवून ती सॅकच्या आत, कपड्यांच्या मध्ये ठेवावी. सॅकच्या बाहेरील जाळीदार कप्पा ही उन्हाळी सोय आहे. लगेच लागणारे अर्धा लिटर पाणी जाकिटाच्या आत, शरीराच्या उबेत नेता येते.

नळीने पाणी पिण्याच्या पिशव्या सह्याद्रीत लोकप्रिय आहेत. हिवाळी हिमालयात मात्र त्यांवर विसंबणे चुकीचे आहे. नळीत पाणी थोडे व पृष्ठभाग मोठा असल्याने पिशवीत पाणी असतानाच नळी गोठते. प्रत्येक घोटानंतर नळीत फुंकर मारून पाणी पिशवीत परत ढकलणे आणि नळी जाकिटाच्या आतून नेणे हे उपाय आहेत. दमलेला माणूस ते विसरतो.

मुक्कामी

रात्री उकळलेले पाणी बाटलीत भरून, मोज्यात गुंडाळून ती स्लीपिंग बॅगेत घेतात. झोपताना ऊब मिळते व सकाळी पिण्याजोगे पाणी तयार असते. उरलेल्या बाटल्या झाकण खाली करून भुसभुशीत बर्फात पुरता येतात. बर्फात अडकलेल्या हवेमुळे ते उष्णतेचे दुर्वाहक असते, त्यामुळे उघड्यावरील बाटलीपेक्षा पुरलेली बाटली उशिरा गोठते. जागेवर खूण म्हणून काठी रोवावी. रात्रीच्या हिमवृष्टीनंतर ती जागा ओळखू येत नाही.

चादर मार्गावर बर्फाखाली नदी वाहती असते आणि जेथे प्रवाह उघडा असतो तेथून पाणी भरता येते. अशा कडेचा बर्फ पातळ असू शकतो, म्हणून हे काम वाट जाणणाऱ्या स्थानिक झांस्करी सोबत्यांच्या सांगण्यानुसारच करावे.

वाहते पाणी नसेल तर बर्फ वितळवावा लागतो. उणे १० अंशांच्या एक किलो बर्फाचे ० अंशाचे पाणी करण्यासाठीच सुमारे ८५ किलोकॅलरी लागतात आणि ते उकळण्यासाठी जवळपास तेवढीच उष्णता पुन्हा लागते. इंधनाचा हिशेब करताना ही दुप्पट अनेकदा विसरली जाते. भांड्यात आधी थोडे पाणी घालून मगच बर्फ टाकावा. कोरडा बर्फ तळाशी झालेले पाणी शोषून घेतो, भांडे करपते आणि पाण्याला जळका वास येतो. ब्यूटेनचा उत्कलनबिंदू सुमारे उणे ०.५ अंश असल्याने केवळ ब्यूटेनची डबी कडाक्याच्या थंडीत निकामी होते. प्रोपेनमिश्रित वायू किंवा रॉकेलचा स्टोव्ह उपयोगी पडतो. सियाचीन हिमनदीवरील लष्करी चौक्यांतही बर्फ वितळवूनच पाणी मिळवले जाते. बंद तंबूत स्टोव्ह पेटवू नये, कारण साठणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो व त्याने झोपेत मृत्यू येऊ शकतो.

काही समजुती

पाण्यात साखर किंवा क्षार मिसळल्यास ते गोठत नाही, ही समजूत अर्धसत्य आहे. जलसंजीवनीच्या (ओआरएस) द्रावणाचा गोठणबिंदू जेमतेम अर्ध्या अंशाने खाली येतो. उणे १० अंशांपर्यंत पाणी द्रव ठेवण्यासाठी लिटरमागे सुमारे १६० ग्रॅम मीठ लागेल. ते पिणे शक्य नाही. मद्याने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, उबेचा भास होतो आणि प्रत्यक्षात शरीर अधिक उष्णता गमावते. तहान भागवण्यासाठी बर्फ खाल्ल्यास तो वितळवण्याची उष्णता शरीरालाच पुरवावी लागते.

वाहत्या पाण्याचे निर्जंतुकीकरण थंडीतही आवश्यक असते. क्लोरीनच्या गोळ्यांना थंड पाण्यात अधिक वेळ लागतो. पोकळ तंतूंच्या गाळणीतील ओलावा एकदा गोठला की तंतू फुटतात, आणि हा दोष बाहेरून दिसत नाही. म्हणून वापरलेली गाळणी दिवसा खिशात व रात्री स्लीपिंग बॅगेत ठेवतात. उकळणे हा उपाय अधिक खात्रीचा असून २,००० मीटरच्या वर पाणी किमान ३ मिनिटे खळखळून उकळावे.